कंबर माझी, मांडी माझी, शिकवणी काकांची

काल फिजिओथेरपीला गेलो आणि मांडीत गोळा आला. भर परभणीत, सगळ्यांदेखत. दुखत होती कंबर.

व्यायाम साधाच. उताणं पडायचं, गुडघे दुमडायचे, कंबर वर उचलायची. याला ब्रिज म्हणतात. आमच्याकडं पूल म्हटला की तो अर्धवटच राहतो, माझाही राहिला.

शेजारच्या खाटेवर एक काका होते. गुडघ्याला शेक, डोक्याला रुमाल, तोंडाला विश्रांती नाही.

"काय दुखायलंय सायेब?"

"कंबर."

"मग मांडी कामून थरथरायलीय?"

उत्तर द्यायला श्वास शिल्लक नव्हता. काकांनी तोच प्रश्न मॅडमना टाकला. आजवर "अजून वर, अजून वर" यापलीकडं माझ्याशी न बोललेल्या मॅडम एकदम खुलल्या. माझ्या मांडीवर पेन फिरवत त्यांनी काकांना सांगितलं, की इथं मागच्या बाजूला हॅमस्ट्रिंगचे तीन स्नायू असतात. बसताना जे हाड टेकतं तिथून निघून ते गुडघ्याच्या खाली जातात. कंबर उचलायचं काम खरं कुल्ल्यांनी करायचं, पण ते ढिले पडले की हे राबतात.

"आमच्या घरी बी तसंच हाय," काका म्हणाले. "थोरला पारावर, धाकटा रानात."

"अगदी बरोबर काका! टाचा लांब ठेवल्या की मांडीवर ताण वाढतो, जवळ घेतल्या की कुल्ल्यांवर."

हे ऐकताना माझ्या टाचा चांगल्या लांब होत्या.

"मग सांगा की त्यांना," काका म्हणाले. मॅडमचा फोन वाजला.

नंतर आला स्विस बॉल, म्हणजे हवा भरलेला भलामोठा चेंडू. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणवणाऱ्या गावाची कंबर शेवटी स्वित्झर्लंडच्या हवाली! तोही नावाचाच स्विस. हा बॉल १९६३ साली इटलीतल्या आक्विलिनो कोसानी नावाच्या प्लॅस्टिकवाल्यानं काढला. स्विस फिजिओथेरपिस्टांनी तो वापरला आणि नाव त्यांचं झालं. राबणारा एक, मिरवणारा दुसरा. टाचा बॉलवर ठेवून कंबर उचलली की बॉल निसटू नये म्हणून पुन्हा हॅमस्ट्रिंगच राबतं. ते राबलं, आणि आवळलं.

मी बोंब ठोकली. मॅडम फोन बंद करेपर्यंत काका शेक फेकून उठले होते. "पाय सरळ सोडा! आखडू नका!" म्हणत त्यांनी माझी टाच धरून पाय असा ताणला, की गोळा गेला. तो गेला याचाच मला जास्त राग आला.

एवढ्या खाटा आणि एकच मॅडम, त्या तरी कुठं कुठं बघणार, हे मान्य. पण 'टाचा जवळ घ्या' एवढं सांगायला किती वेळ लागतो? फी तर रोज आधी मोजून घेतात. खड्ड्यांनी कंबर मोडली त्याची भरपाई कुणी देत नाही, दुरुस्तीचा खर्च मात्र आपलाच.

बाहेर चपला घालताना काकांनी विचारलंच, "तुमच्याकडून किती घेतात?"

सांगितलं.

"आरारा! माझे तर निम्मेच घेतात." थोडा विचार करून म्हणाले, "तुमचं दोन्हीचं लावलं आसंल. कंबर अन् मांडी."