भिगवणच्या मुक्कामाला एक स्टार देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही सगळे भिगवणला आमच्याकडे मुक्कामी होता आणि परतल्यावर एकच स्टार दिलात. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: नावाड्याने बोट फ्लेमिंगोंच्या जवळ नेली नाही आणि सांगूनही थवा उडवला नाही. हंस आणि बदकं दिसलीच नाहीत. संध्याकाळी ‘साळुंक्या दाखवून वेळ काढला’. सुप्याला ‘रिकाम्या माळावर डबक्यासमोर बसवलं’. घरट्यांचे फोटो काढू दिले नाहीत. म्हणून बोटीचे पैसे परत हवेत. वसंतात इकडे यायचं ठरवणारी बरीच मंडळी तुमचं लिहिणं वाचतील, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

बोट चालवत होते ते माझे धाकटे दीर. थवा उडवायला त्यांनी नकार दिला, तो आमच्या घरचाच नियम आहे आणि तो बोटीत बसण्याआधी आम्ही प्रत्येकाला सांगतो. भिगवण ज्याच्या काठाला आहे ते उजनी हे ११७ टीएमसीचं धरण. पावसाळ्यानंतर ते भरलेलं असताना काठालगतसुद्धा पाणी खोल असतं, फ्लेमिंगोला उभं राहायला जागा नसते. कालव्यांना आणि नदीला पाणी सुटत गेलं की काठ उघडा पडतो, गाळाचे उथळ पट्टे तयार होतात आणि मग हे पक्षी तिथे उतरतात. चोच उलटी करून, जिभेने पाणी आत ओढत आणि बाहेर टाकत, त्यातले बारीक जीव गाळून घ्यायचे, असं तासन्‌तास चालतं. पाऊस आला की ते इथून निघतात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. त्या प्रवासाची आणि विणीची ताकद याच दिवसांत अंगात साठवायची असते. इंजिन लावून कुणी अंगावर गेलं की खाणं सोडून, पाण्यावर धावत धावत उडावं लागतं, दुसरीकडे उतरावं लागतं, आणि तिथे पुढची बोट येते. गुलाबी पंखांचा फोटो सुंदर येतो, मला मान्य आहे. तो हवा असेल तर सकाळी थांबा. थवा जागा बदलताना आपणहून उडतो. तुमच्या मिस्टरांना भाऊजींनी हेच सांगितलं होतं, पण नऊच्या आत परतायचं म्हणून तुम्ही निघालात.

हंसांबद्दल. तुम्ही पाहिलेला फोटो पट्टकदंबांचा आहे आणि त्याखाली ‘जानेवारी’ असं लिहिलेलं आहे. हे हंस तिबेट, मंगोलियाकडच्या उंच तळ्यांकाठी घरटी करतात आणि हिमालय ओलांडून इकडे हिवाळा काढायला येतात. मार्च लागला की त्यांची परतीची गडबड सुरू होते. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक या बदकांचंही तसंच, मार्चअखेरीस मागे रेंगाळलेले थोडेच. आरक्षणाच्या वेळी तुम्ही ‘मुलांच्या परीक्षा संपल्यावरच जमेल’ म्हणालात, तेव्हा आम्ही कळवलं होतं की हंस मिळणार नाहीत, पण वसंतातले पक्षी मिळतील. तो निरोप तुमच्या फोनवर अजून असेल. नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला जाऊन बघतो असंही तुम्ही लिहिलंय. रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं राज्यातलं ते पहिलं पाणथळ. जागा फार छान आहे, जरूर जा, पण बदकांसाठी जायचं तर डिसेंबर-जानेवारीत.

त्या साळुंक्यांबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्या आमच्या आवडीच्या आहेत. त्या भोरड्या होत्या, पळसमैना. काळं डोकं आणि गुलाबी अंग. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की त्यातला मध प्यायला झाडं भरून जातात, परागाने तोंडं पिवळी होतात. शेतातले नाकतोडे खातात, ज्वारीवरही उतरतात, म्हणून आमच्या सासूबाई त्यांना दोन्ही गोष्टी ऐकवतात. संध्याकाळी बाभळींवर रात्र काढायला येतात तेव्हा सगळा थवा आभाळात एकदम वळतो, फुगतो, आकसतो. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे निघतात. वसंतात इथे बघण्यासारखं एकच काही निवडायचं झालं, तर मी हेच निवडीन. तुमचा धाकटा मुलगा बोटीच्या टोकाला उभा राहून ओरडत होता. त्याला विचारून बघा.

सुप्याचं डबकं म्हणजे मयूरेश्वर अभयारण्यातला पाणवठा. तिथे पखुर्डी हे माळावरचे पक्षी सकाळी पाण्यावर येतात. ऊन थोडं वर आलं की जोडीने, थव्याने उतरतात, घोटभर पितात आणि मिनिटात उडून जातात. पिलं असतील तर नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि ते पाणी माळावर पिलांपर्यंत नेतो, पिलं त्याच्या पिसांतून पितात. हे बघायचं तर पाण्यासमोर गाडीत गप्प बसावं लागतं. तुम्ही गाडी रस्त्याखाली उतरवायला सांगितलीत, तेव्हा आमच्या मुलाने नाही म्हटलं. माळ रिकामा नव्हता, ताई. पखुर्डी, धाविक, माळटिटवी यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, मातीच्या आणि खड्यांच्या रंगाची. चाकाखाली जाईपर्यंत ती कुणाला दिसत नाहीत. उजनीतल्या वाळूच्या बेटांवर आम्ही कुणाला उतरू देत नाही, तेही याच कारणाने. नदी सुरय हे पक्षी या दिवसांत तिथेच अंडी घालतात.

आता चित्रबलाकांची, म्हणजे रंगीत करकोच्यांची घरटी. भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर ती काठावरूनही छान दिसतात. तुम्हाला झाडाजवळ जाऊन पिलांचा फोटो हवा होता. उन्हाच्या वेळी आई किंवा बाप पंख पसरून पिलांवर सावली धरून उभा असतो. आपण जवळ गेलो की तो उठतो आणि पिलं उन्हात पडतात, वर कावळे टपलेले असतातच. मी स्वतः हे बघितलेलं आहे आणि पुन्हा बघायची माझी तयारी नाही. शिवाय पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हे १९७२च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. आमच्या माणसाने तुम्हाला थांबवलं ते योग्य केलं आणि मी त्याच्या पाठीशी आहे.

उन्हाचा त्रास झाला असं लिहिलंत, ते खरं आहे. मार्चअखेरीस पाण्यावर नऊनंतर ऊन सोसवत नाही, म्हणून आम्ही सहाला निघायचा आग्रह धरतो. लहान मुलं बरोबर असताना सावलीतलं काही हवं असेल तर पनवेलजवळचं कर्नाळा घ्या. वाटा दाट झाडीतून जातात आणि तुम्हाला मुंबईहून जवळही पडतं. फ्लेमिंगोच हवे असतील तर ठाण्याच्या खाडीत मेपर्यंत चांगले मिळतात, ऐरोलीहून वनखात्याच्या बोटी सुटतात, फक्त भरतीची वेळ विचारून जा. पुण्याकडे आलात तर सिंहगडाच्या पायथ्याची दरी सकाळी गाठा. स्वर्गीय नर्तक हा लांब शेपटीचा पक्षी तिथे ओढ्याकाठी दिसू शकतो.

पैसे परत देता येणार नाहीत. फेरी ठरल्या वेळेची पूर्ण झाली आहे आणि ते पैसे भाऊजींच्या मेहनतीचे आहेत. आमच्या सासऱ्यांची जमीन या धरणात गेली, तेव्हापासून हे घर याच पाण्यावर चालतं.

हंसांसाठी यायचं असेल तर संक्रांतीच्या आसपास या. निघण्याआधी फोन करून पाणी किती आहे आणि पक्षी कुठल्या काठाला आहेत ते विचारा, आम्ही खरं तेच सांगू. नियम तेव्हाही हेच असतील.

आपली,
घरमालकीण