काहीतरी आलं होतं, मी घालवलं

कॉम्प्युटर बिघडला की गप्प बसत नाही. काय झालंय ते तो एका चौकटीत लिहितो, ती चौकट पडद्याच्या मधोमध आणून धरतो आणि बऱ्याचदा खाली एक क्रमांकही देतो. अडचण एवढीच, की आमच्या नात्यागोत्यात ती चौकट आजवर कुणी वाचलेली नाही. मला फोन येतो तो चौकट गेल्यानंतर.

"काहीतरी आलं होतं."

"काय आलं होतं, आत्या?"

"चौकोनी."

"त्यात लिहिलं काय होतं?"

"होतं काहीतरी इंग्रजीत. मी घालवलं."

हे सांगताना आत्याच्या आवाजात झुरळ मारल्याचं समाधान असतं. आता कॉम्प्युटर नीट कर, एवढंच माझं काम. पुरावा तिने आधीच नाहीसा केलेला असतो.

मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर नाही. फार पूर्वी एका नातेवाइकाच्या लॅपटॉपमधून आवाज येत नव्हता, तेव्हा मी त्याचा म्यूट काढला. आवाज आला. तेवढ्या भांडवलावर मला 'त्याला त्यातलं कळतं' हे पद मिळालं. या पदाला मुदत नाही आणि राजीनामा द्यायची सोयही नाही.

आत्याच्या अनुभवावरून शहाणा होऊन मी सगळ्यांना बजावलं, की काही आलं तर घालवू नका, मला स्क्रीनशॉट पाठवा. मोठ्या काकांनी लगेच पाठवला. म्हणजे मोबाइलने पडद्याचा फोटो काढून पाठवला. फोटोत ट्यूबलाइट होती, फिरता पंखा होता, बनियनमधले खुद्द काका होते आणि या सगळ्याच्या मागे अंधूकशी एक चौकट होती. एरर कोड 'शून्य एक्स आठ शून्य शून्य सात' इथपर्यंत स्वच्छ वाचता येत होता. पुढच्या अंकांवर काकांचा अंगठा होता.

विंडोजच्या पुष्कळ एरर कोडची सुरुवात अशीच असते. त्या सुरुवातीवरून काहीएक कळत नाही, मख्खी सगळी शेवटच्या चार आकड्यांत. या आठ शून्य शून्य सात गोत्रातल्या कोडच्या शेवटी ०००५ असेल तर परवानगी नाकारली आहे, ०००२ असेल तर फाइल सापडत नाही आणि ००७० असेल तर डिस्कवर जागा उरलेली नाही. तीन वेगळे आजार आणि तिघांवर एकच अंगठा.

मग मी काकांना खिडकीच्या चित्राचं बटण, शिफ्ट आणि एस ही तीन बटणं एकदम दाबायला शिकवलं. पडदा काळसर होतो, माऊसने हवा तेवढा भाग निवडायचा, त्याचं चित्र तयार होतं आणि मग कंट्रोल व्ही करून ते मेलमध्ये चिकटवायचं. काकांना हे फार आवडलं. त्यांनी चौकट निवडली, चित्र तयार झालं, कोपऱ्यात ते छान दिसायलाही लागलं आणि काकांनी त्याचा मोबाइलने फोटो काढून मला पाठवला.

काकांची कायमची तक्रार म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर 'जड' झालाय.

"काका, रिस्टार्ट केलात का?"

"रोज रात्री बंद करतो मी. भिंतीवरचं बटणसुद्धा बंद करतो."

"तसं नाही, रिस्टार्ट."

"अरे, बंद करून चालू करणं म्हणजे रिस्टार्टच ना? ते तर मी रोजच करतो."

यावर पूर्वी मी हो म्हटलं असतं. पण आत काय काय चालू आहे ते दाखवणारा विंडोजचा एक प्रोग्रॅम आहे, टास्क मॅनेजर. त्यात 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'सीपीयू' उघडलं, की खाली 'अप टाइम' दिसतो. काकांना तो मोठ्याने वाचायला लावला. रोज रात्री भिंतीवरच्या बटणापर्यंत बंद होणारा तो कॉम्प्युटर महिना उलटून गेला तरी सलग चालूच होता.

काका खोटं बोलत नव्हते. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक सोय आहे आणि बऱ्याच कॉम्प्युटरवर ती आपोआप चालू असते. आपण शट डाउन म्हटलं की उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, स्पीकर असल्या एकेका भागाला चालवणारे छोटे प्रोग्रॅम, ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवले जातात. सकाळी सगळं नव्याने उभं करण्याऐवजी तीच फाइल मेमरीत परत भरली जाते. त्यामुळे कॉम्प्युटर लवकर सुरू होतो. पण काल रात्री एखादा ड्रायव्हर रुसून बसला असेल, तर सकाळी तो रुसव्यासकट हजर होतो. रिस्टार्ट मात्र सगळं मोडून पहिल्यापासून मांडतो.

काकांनी हे शांतपणे ऐकलं.

"म्हणजे बंद केल्यावर तो बंद होत नाही आणि चालू ठेव म्हटलं की बंद होतो?"

"साधारण तसंच."

"हे कुणी ठरवलं?"

उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता मी त्यांना शिफ्ट दाबून धरून शट डाउन करायला सांगितलं. तसं केलं की त्या खेपेपुरता तो खरोखरचा बंद होतो. काका आता रोज शिफ्ट धरतात. परवा रिमोटने टीव्ही बंद करतानाही कुठलं बटण धरायचं, असं त्यांनी काकूला विचारल्याचं कळलं.

दाजींची गोष्ट वेगळी. दाजींना कळतं. ज्यांना कळत नाही त्यांचा कॉम्प्युटर आपोआप बिघडतो, दाजी मात्र तो स्वतः सुधारतात. त्यांनी कुठूनसं एक फुकटचं 'क्लीनर' उतरवून घेतलं होतं. त्याने मिनिटभरात लाल अक्षरांत सांगितलं, की रजिस्ट्रीत हजारावर चुका आहेत आणि त्या दुरुस्त करायच्या तर पैसे भरा. चुका शोधायच्या फुकट आणि काढायच्या पैसे घेऊन, या व्यवहाराचा दाजींना संशय आला नाही. उलट इतक्या चुका आजवर मला कशा दिसल्या नाहीत, म्हणून माझाच संशय आला.

"दाजी, रजिस्ट्री म्हणजे विंडोजची आणि प्रोग्रॅमांची सेटिंग्ज ठेवायची जागा. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या चार ओळी तिथे राहिल्या तर काही बिघडत नाही."

"पण हजार चुका म्हणतोय तो."

"तो म्हणणारच. तो विकायला बसलाय."

रजिस्ट्री साफ करणाऱ्या असल्या सॉफ्टवेअरला आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केलेलं आहे. त्यातून काही बिनसलं तर विंडोज नव्याने टाकायची पाळी येऊ शकते. हे सांगितल्यावर दाजी म्हणाले, "ते म्हणणारच. त्यांना आपलं विकायचंय." माझीच गोळी माझ्यावर.

क्लीनर एकटा आला नव्हता. त्याच्याबरोबर एक अनोळखी ब्राउझर, हवामान सांगणारी एक पट्टी आणि दुसरा अँटिव्हायरस आला होता. पहिला अँटिव्हायरस दुसऱ्यावर नजर ठेवून, दुसरा पहिल्यावर. या गडबडीत एखादा व्हायरस आलाच असता तर त्याला कुणी विचारलंसुद्धा नसतं. आणि कॉम्प्युटर सुरू केला की ही सगळी मंडळी एकदम उठत होती.

उपाय विंडोजमध्येच होता, फुकट आणि बिनबोभाट. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या यादीत कॉम्प्युटरबरोबर कोण कोण उठतं ते दिसतं, आणि त्याचा भार किती पडतो तेही पुढे लिहिलेलं असतं. नको ते 'डिसेबल' करायचं. तो प्रोग्रॅम त्याने पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. दाजींची यादी आम्ही अर्ध्यावर आणली. कॉम्प्युटर भराभर सुरू झाला. दाजींनी चार लोकांना सांगितलं, की क्लीनरने काय फरक पडला बघा.

त्यांच्याकडची जागा कशाने भरली होती तेही सांगतो. वीजबिलाने. बिल बघायचं म्हणजे साइटवर जाऊन पुन्हा डाउनलोड करायचं, हा त्यांचा शिरस्ता. डाउनलोड्स फोल्डरमध्ये बिल, बिल कंसात एक, बिल कंसात दोन अशी रांग लागलेली. बिलं तशी हलकी असतात, पण तोच न्याय त्यांनी सुट्टीतल्या व्हिडिओंनाही लावला होता. सेटिंग्जमधलं 'स्टोरेज' उघडलं की जागा कुणी खाल्ली ते लगेच दिसतं, त्याला कुठलाही क्लीनर लागत नाही. दाजींना मात्र डीफ्रॅग करायचं होतं, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र आणायचे होते. विंडोज ९८ मध्ये डीफ्रॅग चालू असताना पडद्यावर रंगीत चौकोन सरकायचे, ते बघत त्यांनी तारुण्यातल्या कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत. आता त्यांच्याकडे एसएसडी ही नव्या प्रकारची डिस्क आहे. तिच्यात फिरणारी तबकडीच नाही, त्यामुळे तुकडे विखुरले म्हणून वाचायला उशीर होण्याचा प्रश्न फारसा येत नाही. विंडोज तिला अधूनमधून 'ट्रिम' करून घेतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा आता मोकळी आहे हे तिला कळवतं, ते पुरतं. दाजी हिरमुसले. बघायला काहीच नाही म्हणाले.

कीबोर्डची भुतं थोडक्यात उरकतो. मधे अक्षर घातलं की पुढचं गायब होतंय, तर इन्सर्टचं बटण दाबलं गेलंय. एक्सेलमध्ये बाण दाबला की चौकट न हलता अख्खा कागदच सरकतोय, तर स्क्रोल लॉक. एकाएकी 'स्टिकी की हव्यात का' असं विचारतोय, तर कुणीतरी लागोपाठ पाचदा शिफ्ट दाबलंय. घरात लहान मूल असेल तर चौकशी तिथून सुरू करावी.

आता काकांनी आयुष्यात पहिल्यांदा एक चौकट संपूर्ण वाचली, त्याबद्दल.

त्यांचा आवाज कापत होता. पाठीमागे भोंगा वाजत होता. "ऐक, वाचून दाखवतो," म्हणाले, आणि त्यांनी पडद्यावरचा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत न अडखळता वाचला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. नंबरही त्यांनी दोनदा वाचला. इतकी वर्षं खऱ्या चौकटी न वाचता घालवणाऱ्या माझ्या काकांनी एकच चौकट मन लावून वाचली, आणि ती खोटी होती.

"काका, फोन केलात का त्यांना?"

"करणार होतो. म्हटलं आधी तुला विचारावं."

या पदावर आल्यापासून मिळालेला हा एकमेव सन्मान. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ते ढोंग समजायचं. ते ब्राउझरमधलं एक पान असतं, पडदाभर पसरलेलं. त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलून 'क्विक असिस्ट' उघडायला लावतो आणि एक कोड घालायला सांगतो. क्विक असिस्ट हा विंडोजमधलाच प्रोग्रॅम आहे. दूर बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरुस्त करता यावा म्हणून तो दिलाय. मीही तोच वापरतो, आणि मी दिलेला कोड घालताना काका दहा प्रश्न विचारतात.

"एस्केप दाबून धरा," मी म्हटलं. काही झालं नाही. "मग कंट्रोल, ऑल्ट, डिलीट."

"एका हातात फोन आहे रे. एका हाताने जमत नाही."

जमू नये म्हणूनच तर ती जुळणी आहे. आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीसाठी डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने ती निवडली. कॉम्प्युटर नव्याने सुरू करायची किल्ली चुकून दाबली जाऊ नये, म्हणून तीन बटणं मुद्दाम लांब लांब घेतली. मुद्दाम दाबणाऱ्याचा दुसरा हात फोन धरण्यात गुंतलेला असेल, हा विचार तेव्हा कुणी कशाला करेल? पण कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं डाव्या बाजूला आहेत. एका हाताने दाबली जातात आणि थेट टास्क मॅनेजर उघडतो. काकांनी दाबली, ब्राउझरवर 'एंड टास्क' केलं, भोंगा थांबला. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' असं विचारलं तर नको म्हणा, असंही सांगितलं. त्याने विचारलं. काकांनी ते न वाचता घालवलं. त्या दिवशी ते बरोबर होतं.

राहता राहिला प्रिंटर. आत्याला प्रवासाचं तिकीट छापायचं होतं. प्रिंट म्हटलं, काही झालं नाही. म्हणून पुन्हा म्हटलं. मग जरा जोरात म्हटलं. मग एकेक करून घरातल्या सगळ्यांनी येऊन म्हटलं. नंतर लक्षात आलं की प्रिंटरच बंद होता. तो चालू केला, पण तोवर पहिलं तिकीट रांगेच्या तोंडाशी अडकून बसलं होतं. रद्द केलं तर 'डिलीटिंग' असं लिहून तिथेच राहिलं.

छापायला दिलेली कामं सांभाळणाऱ्या विंडोजमधल्या व्यवस्थेचं नाव 'प्रिंट स्पूलर'. ती आधी थांबवायची, सिस्टिम-३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे ते रिकामं करायचं आणि मग ती पुन्हा सुरू करायची. समोर बसून केलं तर दोन मिनिटांचं काम. फोनवर ते काम म्हणजे,

"आत्या, खिडकीचं बटण आणि आर. आता लिही सर्व्हिसेस, डॉट, एमएससी."

"लिहिलं. नाही म्हणतोय."

"काय लिहिलंस ते वाच."

"सर्व्हिसेस. डी, ओ, टी..."

"डॉट म्हणजे टिंब, आत्या."

"मग टिंब म्हण ना. टिंब कसं लिहू? टी, आय?"

शेवटी यादी उघडली, प्रिंट स्पूलर सापडला, आत्याने तो थांबवला. मी फोल्डरचा पत्ता सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात ती म्हणाली, "इथे स्टार्ट असं आलंय, ते दाबते." आणि दाबलं.

रांगेला फक्त एक धक्का हवा होता, तो मिळाला. प्रिंटर घरघरला आणि पहिलं तिकीट बाहेर आलं. आत्याने मला दुवा दिला. दुसरं आलं. तिसऱ्याला ती "पुरे रे आता" असं प्रिंटरला म्हणाली. पुढची तिकिटं कुणाकुणाच्या हुकमाची होती ते मोजत बसण्यात अर्थ नव्हता.

"आत्या, बंद कर तो. आपण ते फोल्डर रिकामं करू."

"राहू दे," आत्या म्हणाली. "पाठची बाजू कोरी आहे."