धुतलेल्या कपड्याला वास कशाला हवा?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. धुतलेल्या कपड्याला कसलाच वास नसावा. मोगऱ्याचा नको, लॅव्हेंडरचा नको, ‘मॉर्निंग फ्रेश’ की काय म्हणतात त्याचा तर नकोच. मळ गेला, घाम गेला, साबण गेला की कापड उरतं, आणि कापडाला वास नसतो. वास येत असेल तर कापडात काहीतरी राहिलेलं आहे. ते मुद्दाम ठेवलेलं असतं आणि त्याचे पैसे आपणच मोजलेले असतात.

आमच्या घरात वॉशिंग मशीनचं खातं माझ्याकडे आहे. बायको म्हणते, या खात्यात कामापेक्षा नियम जास्त. खरंय. पण नियम माझ्या कातडीने केलेत, मी फक्त अंमलबजावणी करतो.

सुरुवात कमरेपासून झाली. जिथे पँट घट्ट बसते त्या पट्ट्यात लाल पुरळ, मग कॉलरखाली, मग कोपराच्या आतल्या बाजूला. रात्री खाज इतकी की पंखा पाचवर आणि नखं चालूच. अशा वेळी आपल्याकडे डॉक्टरांची कमतरता नसते. लातूरहून आईने फोनवरच निदान केलं, “पित्त उठलंय, आमसुलं भिजवून त्याचं पाणी लाव.” शेजारच्या काकूंच्या मते उष्णता होती, त्यांनी सब्जा पाठवला. ऑफिसातल्या एकाने मेडिकलमधून घ्यायच्या ट्यूबचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, “दोन दिवसांत साफ.” या ट्यूबबद्दल पुढे बोलणारच आहे.

त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी मात्र पहिल्यांदा काय केलं असेल तर हात वर करायला सांगितला आणि काखेत बॅटरी मारली. मला कळेना, पुरळ कमरेला आणि तपासणी काखेची? त्यांनी समजावलं ते मला फार आवडलं. काखेच्या खोलगट भागात पुरळ असेल तर संशय डिओडरंटवर. खोलगट भाग स्वच्छ आणि कडेकडेने, जिथे बाहीची शिवण घासते तिथे पुरळ असेल, तर संशय कापडावर किंवा कापडात राहिलेल्या गोष्टींवर. माझं कडेकडेनेच होतं.

मग पॅच टेस्ट. पाठीवर टिकलीएवढ्या ॲल्युमिनियमच्या वाट्या चिकटवतात, प्रत्येकीत एक संशयित. ४८ तासांनी पट्ट्या काढून पाहतात आणि पुन्हा ९६ तासांच्या सुमारास पाहतात, कारण ही ॲलर्जी उशिरा जागी होणारी असते. सोमवारी अंगावर आलेल्या पुरळाचा गुन्हेगार शनिवारचा शर्ट असू शकतो. म्हणूनच घरबसल्या कोणाला नेमकं कारण सापडत नाही आणि खापर काल खाल्लेल्या वांग्यावर फुटतं. या दिवसांत पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. पुण्यात, मे महिन्यात! सांगायला काय जातंय.

भारतातल्या या चाचणीच्या संचात गाजर गवतसुद्धा असतं. ते आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं आणि नंतर देशभर शेतकऱ्यांच्या चेहऱ्या-मानेवर उठलं. त्यातून मी सुटलो. अडकलो दोन ठिकाणी. एक ‘फ्रेग्रन्स मिक्स’, म्हणजे आठ सुगंधी घटकांचं मिश्रण. त्यात लवंगेतलं युजेनॉल आहे, दालचिनीतलं सिनॅमल आहे, गुलाबात सापडणारं जिरॅनिऑल आहे. दुसरं म्हणजे मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं परिरक्षक. लिक्विड डिटर्जंट, भांड्यांचं लिक्विड, ओले वाइप्स, पाण्यात मिसळलेले भिंतीचे रंग, अशा ज्या ज्या ओल्या वस्तू बाटलीत किंवा डब्यात टिकवायच्या असतात त्यांत हे वापरतात. अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली याला ‘वर्षाचा ॲलर्जन’ असा किताब दिला होता. काय एकेकाचं नशीब! नव्या रंगाच्या खोलीतल्या नुसत्या हवेने चेहऱ्यावर पुरळ उठल्याचीही उदाहरणं आहेत. दिवाळीच्या आधी घर रंगवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा.

बायकोचा पहिला प्रश्न होता, “मग मसालेभात बंद का?” मॅडम म्हणाल्या, खाऊन त्रास होत नसेल तर खुशाल खा.

आता पावडरवाल्यांची बाजू. कपड्यांच्या पावडरीची खरी ॲलर्जी विरळाच असते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७३८ रुग्णांची डिटर्जंटवर चाचणी घेतली, तर एक टक्का लोकांनाही ॲलर्जी निघाली नाही. मग एवढे लोक खाजवतात कशाने? बहुतेकांची भानगड ॲलर्जीची नसून दाहाची असते. त्वचा किंचित आम्ल, पीएच पाचच्या आसपास. पावडर कालवलेलं पाणी अल्कधर्मी, दहाच्या आसपास. कापडात राहिलेली ती पावडर घामाने ओली होते, वर बेल्ट घासतो, आणि त्वचेवरचा तेलकट थर निघत जातो. त्याला ॲलर्जी लागत नाही, पुरेशी मात्रा आणि पुरेसा वेळ मिळाला की कोणाचीही कातडी तक्रार करते. थोडक्यात, मामला पावडर किती टाकली आणि किती निघाली याचा आहे.

एक प्रयोग करून बघा. धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेला टॉवेल घ्या. बादलीत गरम पाणी, पावडर अजिबात नाही. टॉवेल बुडवून हाताने चांगला खळबळा. आमच्या बादलीत पाणी दुधाळ झालं आणि वर पांढरा फेस चढला, बोटांना गुळगुळीत लागणारा. याच टॉवेलने आम्ही आंघोळ केल्यावर अंग पुसत होतो.

यावर इंटरनेट एका सुरात सांगतं, एक्स्ट्रा रिन्स लावा. म्हणजे आपल्या भाषेत, आणखी एका पाण्यातून काढा. मी लातूरचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरची वाट बघत नळाकडे बसलेल्या बाईला “ताई, कपडे तीन पाण्यातून काढा” असं सांगायची माझी तरी हिंमत नाही. पुण्यातही आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअर आणि टँकरवरच गाडी चालते. बोअरचं पाणी जड. जड पाण्यात पावडर नीट काम करत नाही म्हणून माणूस आणखी पावडर टाकतो, ती काढायला आणखी पाणी लागतं, ते नसतं, आणि उरलेली पावडर अंगावर येते. म्हणून माझा पहिला नियम मोजमापाचा. पाकिटावर सांगितलेल्याच्या निम्मी पावडर. ऑफिसात बसून आलेल्या शर्टावर कोळशाच्या खाणीतला मळ नसतो. कपडे तेवढेच निघतात आणि एका पाण्यात पावडर सुटते. फेस दिसला नाही तर धुतल्यासारखं वाटत नाही, ही सवय जाहिरातींनी लावलेली आहे.

दुसरा नियम, फॅब्रिक कंडिशनर बंद. हा पदार्थ कपड्यावर राहण्यासाठीच बनवलेला आहे, धुऊन गेला तर त्याचं काम फसलं. त्यातल्या काहींत सुगंधाच्या अतिसूक्ष्म कुप्या असतात, कापड घासलं की त्या फुटतात आणि दिवसभर वास येत राहतो. जाहिरातीत ती मुलगी ओढणी हलवते आणि फुलं उडतात ना, ते हेच. माझ्या दृष्टीने ती दर हालचालीला मिळणारी नवी मात्रा. शिवाय याने टॉवेल मऊ होतो खरा, पण पाणी टिपत नाही, म्हणजे टॉवेल म्हणून तो गेलाच.

“मग नैसर्गिक वापरा की!” हे तर दिवसाआड ऐकतो. लवंग, दालचिनी, गुलाब ही नावं वर मुद्दामच लिहिली आहेत. लिमोनिन संत्र्या-लिंबाच्या सालीत असतं, लिनॅलूल लॅव्हेंडरमध्ये. हवा लागून त्यांचं ऑक्सिडीकरण झालं की ती जास्त त्रासदायक होतात. तेल झाडातून आलं की कारखान्यातून, माझ्या कमरेला फरक कळत नाही. दिवाळीचं उटणंही त्यात आलं. घरी दळलेलं, नागरमोथा-आंबेहळद घातलेलं उटणं लावायला आईने कधी सोडलं नाही आणि मला त्याने काही झालं नाही. पण हल्ली पाकिटातलं उटणं फोडलं की खोलीभर अत्तराचा भपकारा येतो, तो नागरमोथ्याचा नव्हे. रिठ्यांबद्दल माझं मत बरं आहे, रेशमी साड्यांना आई तेच वापरायची. फक्त रिठ्याची कोरडी पूड उडवू नका, नाका-डोळ्यांची आग होते.

आता ती ट्यूब. कमरेभोवती आणि जांघेत खाजणारं सगळंच साबणाचं नसतं, पुष्कळदा तो नायटा असतो. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अनेक मलमांत स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कालवलेलं असतं. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश, आणि नायटा आतल्या आत पसरत राहतो. सरकारने २०१८ साली त्वचेवर लावायच्या १४ स्टिरॉइड्सना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कागदावर. पुरळ दोन आठवड्यांत हटलं नाही, गोल कडा दिसली, घरात दुसऱ्या कोणाला झालं, तर साबण बदलत बसू नका, डॉक्टर गाठा.

पण हे सगळं लिहायला बसलो ते खरं आमच्या मावशींमुळे. मी बिनवासाच्या पावडरीच्या शोधात फिरतो, माझ्याकडे मशीन आहे, मॅडमची फी द्यायला पैसे आहेत. मावशी सकाळपासून दुपारपर्यंत एका घरातून दुसऱ्या घरात. भांडी, फरशी, काही घरी कपडेही. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची पेरं फाटलेली असतात, हिवाळ्यात भेगांतून रक्त येतं, नखांच्या कडा सुजलेल्या. प्रत्येक घरात वेगळी वडी, वेगळं लिक्विड, वेगळं फिनाईल. कुठल्याही घरात त्यांना कोणी विचारत नाही की तुम्हाला यातलं काय चालतं. जर्मनीत रोज दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहणारं काम त्वचेला धोक्याचं म्हणून नियमांत वेगळं नोंदवलं आहे. आपल्याकडे त्याला कामवाली म्हणतात.

मी हौसेने रबरी हातमोजे आणून दिले. त्यांनी दोन दिवस घालून परत ठेवले. “दादा, आत घाम येतो, अजूनच चुरचुरतं. आणि कढई हातातून निसटते.” बरोबरच होतं त्यांचं. नुसत्या रबरात घाम साठून त्वचा आणखी खराब होते, आतून सुती मोजे लागतात, ते ओले झाले की बदलावे लागतात. आता सुती मोज्यांचे जोड आमच्याकडे वाळत असतात. फरशीला मावशी हातमोजे घालतात, भांड्यांना नाही. जाताना हात कोरडे करून खोबरेल लावतात, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा. भेगा थोड्या कमी आहेत. पुढच्या घरी जाऊन हात पुन्हा त्याच पाण्यात. ज्यांच्या घरी हाताने कपडे धुऊन घेतले जातात त्यांनी निदान एवढं करा, पावडर आधी पाण्यात कालवून ठेवा, ओल्या हातावर कोरडी पावडर पडू देऊ नका. याला खर्च शून्य.

माझा राग कंपन्यांनी वास घातला याबद्दल नाही. ज्याला आवडतो त्याने घ्यावा. राग आहे तो लपवाछपवीचा. युरोपात २००३-०४ च्या नियमांपासून २६ सुगंधी घटक ठरावीक प्रमाणाच्या वर असले तर नावानिशी छापावे लागतात, सौंदर्यप्रसाधनांवर आणि डिटर्जंटवरही. सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या वर नेली. आपल्याकडच्या पावडरीचं पाकीट उलटून बघा. बऱ्याच पाकिटांवर ‘परफ्यूम’ एवढा एक शब्द, काहींवर तोही नाही. फुलाचं चित्र मात्र अर्ध्या पाकिटावर. त्या आठ सुगंधी घटकांतलं काहीतरी मला चालत नाही हे पॅच टेस्टने सांगितलं, पण ते कशात आहे हे कोण सांगणार?

त्यात ‘बेबी’ लिहिलेलं लिक्विड तिप्पट भावाचं, आणि उघडून बघावं तर त्यालाही बाळाच्या पावडरीचा वास. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूतही मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो.

बाकी सोयी-गैरसोयी चालूच असतात. प्रवासात स्वतःची चादर आणि उशीचा अभ्रा नेतो. नवा कपडा धुतल्याशिवाय घालत नाही. कॅबमध्ये बसल्या बसल्या डॅशबोर्डवरची जेलची डबी दिसली की काच खाली. लग्नघरी दारातच अत्तर लावायला कोणी फाया पुढे केला तर मी नमस्कार करून सटकतो, लोकांना वाटतं जावईबापू रुसले.

तर आता कामाचं. पुण्यात किंवा ऑनलाइन, खरोखर बिनवासाची, घटकांची पूर्ण यादी छापलेली आणि किलोच्या पाकिटात परवडेल अशा भावाची कपड्यांची पावडर कोणाला ठाऊक आहे का? ‘माइल्ड’, ‘हर्बल’, ‘आमच्याकडे सगळे हेच वापरतात’ हे चालणार नाही. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका.