कायोटी, सापळा आणि आमिष: अनघाताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनघाताई, नमस्कार.

कायोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतलं कोल्ह्यासारखं रानटी जनावर. टेक्सासमधले शेळी-मेंढीवाले ते कसं पकडतात या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच झोड उठवलीत. इतरांच्या सोयीसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात देतो. लोखंडी दातांच्या सापळ्यात मुक्या जनावराचा पाय मोडणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. त्यापेक्षा पिंजऱ्यात कोंबडी ठेवून कायोटी पकडावा आणि लांब रानात सोडावा. आणि आमिषांची एवढी चिकित्सा मराठीत करून मी कोणाचं भलं करतोय? भाषा तिखट आहे, पण प्रश्न रास्त आहेत.

आधी दातांचं बघू. दातेरी सापळे आता जुन्या वस्तूंच्या दुकानात भिंतीवर टांगलेले दिसतात. अनेक राज्यांत ते लावायला बंदी आहे. आजच्या कायोटी-सापळ्याचे जबडे गुळगुळीत असतात आणि कडा मुद्दाम जाड ठेवतात, म्हणजे पायावरचा दाब पसरतो. जबडे मिटले तरी मध्ये थोडी फट राहते. साखळीला फिरत्या कड्या असतात, कारण जनावर गरगर फिरतं आणि साखळीला पीळ बसला की पाय पिरगळतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र मधली तबकडी. तिच्यावर किती भार पडल्यावर खटका सुटावा हे स्क्रू पिळून ठरवता येतं. कायोटीसाठी तो तीन-चार पाउंडांच्या आसपास ठेवतात. ससा किंवा खार वरून गेली तरी सापळा ढिम्म हलत नाही. दुकानातून आणलेला सापळा हा स्क्रू न बघता तसाच जमिनीत पुरणारा माणूस मला कायोटीपेक्षा जास्त धोकादायक वाटतो.

याचा अर्थ जनावराला त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. पाय सुजतो, कातडी सोलवटते, आणि जितका वेळ जातो तितकं ते वाढत जातं. म्हणून रोज पहाटे फेरी मारायची ताकद नसेल त्याने सापळ्याच्या वाटेला जाऊच नये. काही राज्यांचे कायदे तीन दिवसांची मुभा देतात. ती मलाही पटत नाही. इथे तुमचं-माझं एकमत आहे.

आता पिंजरा. ऐकायला छान वाटतो, पण मोठा कायोटी पिंजऱ्यात जवळजवळ जात नाही. पायाखाली तारेची जाळी आणि डोक्यावर छप्पर आलं की तो बाहेरूनच प्रदक्षिणा घालून निघून जातो. कोंबडी ठेवून तुमच्या हाती लागतील ती रॅकून, ओपोसम अशी छोटी रानजनावरं आणि शेजाऱ्याचं मांजर.

समजा पकडलाच, तर लांब सोडायचं म्हणता. टेक्सासमध्ये तो गुन्हा ठरेल, आणि त्याला कारण आहे. १९८८ साली दक्षिण टेक्सासमध्ये कुत्रे आणि कायोटींमध्ये रेबीजची साथ सुरू झाली आणि उत्तरेकडे सरकत गेली. अशा वेळी एक आजारी जनावर गाडीत घालून शंभर मैलांवर सोडलं की साथीला आयतं वाहन मिळतं. म्हणून कायोटी, कोल्हे, रॅकून यांच्या वाहतुकीवर निर्बंध आले. १९९५ पासून राज्य सरकारने विमानातून लसीच्या पुड्या टाकायला सुरुवात केली. पुडीत तोंडावाटे द्यायची लस आणि बाहेरून फिशमीलचं, म्हणजे माशांच्या भुकटीचं, आवरण. कायोटी ती चावतो आणि लस टोचल्याशिवाय लस घेतो. कायोटींमधला तो रेबीज या उपायाने टेक्सासातून हद्दपार झाला. त्यामुळे ‘आमिष’ म्हटलं की मरणच, असं समजू नका.

आमिषावरच तुमचा राग जास्त आहे आणि मला सांगायचंय तेही तिथेच. कायोटीला बोलावणारे वास ढोबळमानाने तीन जातींचे. एक खाण्याचा: मुरवलेलं मांस, उंदीर, बीव्हर या पाण्याकाठच्या जनावराचे तुकडे. दुसरा कुतूहलाचा: स्कंक या घाण वास फवारणाऱ्या जनावराचा दर्प, बीव्हरच्या ग्रंथीतलं कॅस्टोरियम. तिसरा हद्दीचा: दुसऱ्या कायोटीचं मूत्र आणि ग्रंथींचा अर्क.

नवखा माणूस पहिल्याकडे धावतो, कारण भूक सगळ्यांनाच लागते. पण नेमकं तिथेच चुकतं. कॅलिफोर्नियातल्या हॉपलँड इथे विद्यापीठाचं मेंढ्यांचं संशोधन केंद्र आहे. तिथे १९९० च्या दशकात कायोटींच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून अभ्यास झाला. कोकरं मारणारे बहुतेक त्या हद्दीचे मालक, म्हणजे पिल्लं घालणारी जोडपी निघाली. नेहमीच्या उपायांना बळी पडत होते ते मात्र तरुण, अननुभवी कायोटी. म्हणजे चोर एक आणि फाशी भलत्यालाच. मांसाच्या वासावर उपाशी भटके येतात. सापळेवाला पाच-सहा कातडी टांगून खूश, आणि कोकरं पूर्वीसारखीच जात राहतात.

म्हणून कोकरं जात असतील तर मी तिसऱ्या वासाच्या बाजूने आहे. वसंतात पिल्लं असतात, तेव्हा जोडप्याला हद्दीत परक्याचं मूत्र खपत नाही. जागाही वासाइतकीच महत्त्वाची. दक्षिण टेक्सासमधल्या अभ्यासात असं दिसलं होतं की कायोटी आपल्या हद्दीच्या आत सहसा सापडत नाही, कडेला किंवा बाहेर सापडतो. घरातली खुर्ची हलवली तर आपल्या लगेच लक्षात येतं. परक्या हॉटेलात येत नाही, तसंच हे. तेव्हा सापळा कोकरू मेलं त्या जागी नको, कुंपणाच्या कोपऱ्यावर किंवा दोन पायवाटा मिळतात तिथे हवा.

मांस वापरायचंच असेल तर ते तिरक्या खणलेल्या बिळात खोल, वरून दिसणार नाही असं. उघड्यावर टाकलेलं मांस गरुड आणि ससाणे आकाशातून बघतात. म्हणून उघड्या आमिषाजवळ सापळा लावायला बऱ्याच राज्यांत मनाई आहे. सापळा बिळाच्या तोंडापासून वीतभर अलीकडे, थोडा एका बाजूला, आणि भोवती माती ठासून असा बसवायचा की कडेवर बोट दाबलं तरी डुगडुगू नये. डुगडुगला तर कायोटी पाय मागे घेतो आणि सापळा उकरून वर काढून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तो उताणा पडलेला सापळा बघताना जी फजिती होते ती विचारू नका.

एवढं करूनही कायोटींची संख्या कमी होत नाही, हेही लिहून ठेवतो. दरवर्षी तीन-चतुर्थांश मारले तरच ते संपत जातील, असं गणित १९७५ मध्येच मांडलं गेलं होतं. सापळ्याने ‘कायोटीचा बंदोबस्त’ करायला निघालेला माणूस पैसे आणि वेळ दोन्ही घालवतो. त्याचा उपयोग एका कळपाला लागलेल्या एका जोडीपुरता. कळप सांभाळायला आधी ग्रेट पिरेनीज जातीचे राखणीचे कुत्रे पाळावेत, हे मूळ लेखातही होतं. तुमच्या नजरेतून निसटलं असेल.

राहिला मराठीचा प्रश्न. भारतात लांडगा किंवा कोल्हा सापळ्यात धरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आपल्या धनगरांसाठी मी हे लिहिलेलंच नाही. पण अमेरिकेत गावाबाहेर घर घेऊन चार शेळ्या पाळणारी मराठी मंडळी आहेत, आणि सरकारी रानात कुत्रा फिरवणारी तर खूपच. त्यांच्या कुत्र्याचा पाय सापळ्यात अडकला तर हे माहीत हवं: आधी जाकीट त्याच्या डोक्यावर टाका, कारण आपलाच कुत्रा घाबरून चावतो. मग सापळ्याच्या दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी जमिनीकडे दाबा. हाताने जमत नसेल तर दोन्हींवर बूट ठेवून उभे राहा. जबडे सैल पडतात, पाय निघतो. तारेचा फास असेल तर हाताने ओढत बसू नका. तार तोडायची चांगली पक्कड पाठीवरच्या पिशवीत ठेवा.