'ब्लाइथ स्पिरिट' हे नुसतं चित्रित केलेलं नाटक नाही

दिग्दर्शक डेव्हिड लीनच्या 'ब्लाइथ स्पिरिट' (1945) या चित्रपटाबद्दल एक मत बरंच फिरतंय: नोएल कॉवर्डचं नाटक जसंच्या तसं कॅमेऱ्यासमोर मांडलंय, त्यातल्या बायका नुसत्या कजाग आहेत, आणि बाहेर युद्ध पेटलेलं असताना हा पळपुटा विनोद. यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

'जसंच्या तसं' म्हणणाऱ्यांनी निदान शेवट तरी पाहावा. नाटकात कादंबरीकार चार्ल्स आपल्या दोन्ही मेलेल्या बायकांच्या, म्हणजे पहिली एल्व्हिरा आणि दुसरी रूथ यांच्या, भुतांना घरात सोडून सटकतो. चित्रपटात त्याची गाडी पुलावरून कोसळते आणि तोही भूत होऊन त्यांच्या शेजारी येऊन बसतो! लीननं त्याला सुटू दिलेलं नाही.

आणि एल्व्हिराचं भूत नीट बघा. ही डबल एक्स्पोजरची, म्हणजे एकावर एक दोन चित्रं टिपून केलेली, धूसर सावली नव्हे. एल्व्हिरा झालेल्या के हॅमंड या अभिनेत्रीला हिरवट रंगभूषा, लालभडक ओठ आणि नखं दिली, आणि ती खोलीत फिरेल तिथे तिच्यावर वेगळा प्रकाश टाकला. म्हणून ती इतरांइतकीच भरीव दिसते, तरी त्यांच्यातली वाटत नाही. चार्ल्स तिच्यावर खेकसतो. तेव्हा जिवंत असलेल्या रूथला ती दिसतच नाही, त्यामुळे ते बोलणं ती स्वतःवर ओढून घेते. मग खात्री पटवायला एल्व्हिरा फुलदाणी उचलते, तेव्हा रूथपुढे येते ती अधांतरी चालणारी फुलदाणी. या करामतींना ऑस्कर मिळालं. संवाद जास्त आहेत, हे मात्र कबूल.

रूथ कजाग कशी? नवरा रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागला तर कोणती बायको शांत राहील? आणि एल्व्हिराचा आत्मा घरात बोलावणाऱ्या मांत्रिक बाईला, मादाम आर्कातीला, विसरून कसं चालेल? मार्गारेट रदरफर्डनं ती भोंदू म्हणून रंगवलेलीच नाही. चार्ल्सनं आपल्याला कादंबरीच्या टिपणांसाठी बोलावलं होतं हे कळल्यावर ती जी दुखावते, त्यात कामाचा खरा अभिमान आहे.

राहिला पळपुटेपणा. 1941 मध्ये लंडनमधल्या घराची बॉम्बहल्ल्यात नासधूस झाल्यावर कॉवर्डनं वेल्समधल्या पोर्टमेरियनला जाऊन काही दिवसांतच हे नाटक लिहिलं. जुलैत ते लंडनमध्ये लागलं, तेव्हा शहरात ढिगारे तसेच पडलेले होते. त्याचे 1,997 प्रयोग झाले. ज्यांच्या घरातली माणसं नुकतीच गेली होती, असे लोक मृत्यूवरच्या या फार्सला गर्दी करत होते. याला मृत्यूपासून पळणं कसं म्हणायचं?