पारपत्रावरची एक ओळ

माझ्या ब्रिटिश पारपत्रावर ‘नॅशनॅलिटी’ या रकान्यात ‘ब्रिटिश सिटिझन’ असे छापलेले आहे. एकाच ओळीत दोन्ही शब्द आल्याने ते समानार्थी वाटतात, आणि आपल्याकडच्या दुहेरी नागरिकत्वाच्या वादातही ‘राष्ट्रीयत्व’ आणि ‘नागरिकत्व’ सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ही अदलाबदल मला घातक वाटते.

नॅशनॅलिटी म्हणजे एखाद्या देशाने जगापुढे माणसाला आपला म्हणणे; सिटिझनशिप म्हणजे त्या देशात राहण्याचे, मत देण्याचे हक्क. बहुतेकांना दोन्ही एकत्रच मिळतात, म्हणून फरक जाणवत नाही. मी राहतो त्या इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात मात्र तो फरक सोसलेली कुटुंबे आहेत. 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाल्यावर तिथल्या हजारो भारतीय वंशाच्या लोकांनी ब्रिटिश पारपत्र कायम ठेवले होते. 1968 मध्ये ब्रिटिश संसदेने अवघ्या तीन दिवसांत कायदा करून, ब्रिटनशी जन्माचे वा पूर्वजांचे नाते नसलेल्या अशा पारपत्रधारकांचा मुक्त प्रवेश थांबवला आणि ठरावीक परवान्यांपुरतेच दार किलकिले ठेवले. ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन हा 1983 पासूनचा दर्जा त्याच परंपरेतला आहे: पारपत्र ब्रिटिश, पण ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाही.

भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे आपले ओसीआय कार्ड याच्या नेमके उलट आहे. नाव ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, पण 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. कार्डामुळे मला भारतात आयुष्यभर जाता-येता आणि राहता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. इथल्या काही मित्रांना मताचाही हक्क हवा आहे. ज्या सरकारचे निर्णय मला रोज सोसावे लागत नाहीत, ते निवडण्याचा हक्क मी मागणार नाही.

मात्र या कार्डाला नागरिकत्व म्हणणे थांबवावे. तो आजीवन निवासाचा परवाना आहे, आणि मराठीत त्याला तेच नाव असावे. त्याचबरोबर, भारतीय पारपत्र परत करणाऱ्याने ‘राष्ट्रीयत्व सोडले’ असे लिहिणाऱ्यांनी थोडे थांबावे. कायद्याच्या अर्थाने मी ते सोडले, हे खरे आहे. पण मराठीत या शब्दाला स्वातंत्र्यलढ्याची ऊब आहे, आणि वकिलातीच्या खिडकीत मी दिलेल्या निळ्या पुस्तिकेत ती ऊब नव्हती.