डबल बासचे वडील

माझी कन्या डबल बास वाजवते, हे वाक्य मी गेली नऊ वर्षे निरनिराळ्या चेहऱ्यांसमोर उच्चारत आलो आहे, आणि त्यावर येणारा पहिला प्रश्न "म्हणजे नक्की काय?" हा असतो. दुसरा प्रश्न "मग व्हायोलिन का नाही?" हा असतो, आणि त्याचे उत्तर मलाही अद्याप मिळालेले नाही. व्हायोलिन काखोटीला मारून माणूस चालत्या बसमध्ये चढू शकतो. डबल बास हा व्हायोलिनचाच खर्जातला अवाढव्य भाऊ. तो मात्र उभा केला की सहा फूट भरतो, म्हणजे घरातल्या कोणाहीपेक्षा तो उंच आहे, आणि आडवा केला की आमच्या माहीमच्या दीड खोल्यांत त्या रात्री फक्त तोच झोपू शकतो.

शब्दाचाही घोळ आहे. मराठी माणसाच्या लेखी ऑर्केस्ट्रा म्हणजे गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी मैदानात उभारलेला मंच, चमचमत्या जाकिटातला निवेदक आणि 'हुबेहूब किशोरकुमार'. मुंबईत तर या शब्दाला बारच्या परवान्याचाही एक वास आहे. त्यामुळे कन्येसाठी सांगून आलेल्या एका स्थळाच्या मातोश्रींना सौ.ने अभिमानाने "आमची ऑर्केस्ट्रात असते" असे सांगितले, तेव्हा पलीकडून बराच वेळ शांतता राहिली आणि मग "रात्री किती वाजता येते?" एवढेच विचारण्यात आले. सौ.ला खरे बोलण्याची सवय असल्यामुळे तिने "साडेअकरा तरी होतात, हे आणायला जातात ना" असे उत्तर दिले. त्या मंडळींचा फोन पुन्हा आला नाही.

मी खजिनदार कसा झालो, हे सांगण्यासारखे नाही. एका रविवारी कन्येचे वाद्य पोहोचवायला तालमीला गेलो, दार अरुंद असल्यामुळे पुन्हा बाहेर पडणे लांबले, आणि तेवढ्या वेळात कोणाच्या तरी कानावर मी बँकेतून निवृत्त झाल्याचे गेले. माणूस बँकेतला आहे असे कळले की आपल्या समाजात त्याला सापडेल त्या संस्थेचा खजिनदार करतात. येथे समाज अर्धा गोव्याचा आणि पाव हिस्सा पारशी होता, तरी नियम तोच निघाला. त्या दिवसापासून आमच्या बावीस वादकांच्या हौशी ऑर्केस्ट्राचा जमाखर्च, खुर्च्या, चहा, बटाटेवडे, झेरॉक्स आणि डबल बास ही खाती माझ्याकडे आहेत.

हे बावीस लोक कोण, असे मला सुरुवातीला वाटे. पहिल्या व्हायोलिनांत तीन वृद्ध गोवेकर बसतात. त्यांचे बालपण पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात, चर्चच्या शाळेत गेले. तेथे मुलाला अक्षरओळखीबरोबर सूरलिपी आणि व्हायोलिनही शिकवीत. पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी हयात घालवली, आणि नव्वदच्या दशकात एका की-बोर्डमधून वीस व्हायोलिने ऐकू येऊ लागली, तेव्हा ते घरी बसले. समोर कोणताही कागद ठेवा, हे तिघे तो पहिल्याच फटक्यात वाजवतात आणि वाजवता वाजवता मासळीच्या भावावर बोलतात. त्यांच्यासमोर अँथनी गोन्साल्विस हे नाव निघाले, की ते खुर्चीत थोडे ताठ बसतात. मराठी वाचकाला हे नाव एका गाण्यामुळे पाठ असते. ते माजोर्ड्याचे खरेखुरे व्हायोलिनवादक होते आणि प्यारेलाल त्यांचे शिष्य, हे सहसा ठाऊक नसते. या गृहस्थांनी १९५८ साली मुंबईत स्वतःचा इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि त्याच्यापुढे गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना उभे केले. ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो, एवढ्या लोकांच्या खुर्च्या कोणी लावल्या असतील, हा.

त्याच्याही आधी, १९३५ साली, मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता. त्याच सुमारास प्राग शहरात शिकलेले वॉल्टर कॉफमन नावाचे ज्यू संगीतकार मुंबईत येऊन राहिले. आकाशवाणीची सकाळची जी धून ऐकत आपण सर्वांनी दात घासले, ती त्यांच्या नावावर आहे. मेहली मेहतांच्या घरी १९३६ साली जन्मलेले झुबिन पुढे साऱ्या जगाला वाजवायला लावू लागले, ते सर्वांना माहीत आहे. मला मात्र वडिलांविषयी अधिक आपुलकी वाटते. पोरासाठी कोणी काय काय उचलले असेल, हे आता मला खांद्यावरून कळते.

बाकीचे वादक असे: दोन दंतवैद्य, एक आयकर सल्लागार, महाविद्यालयातली पाच-सहा मुले आणि नौदलाच्या बँडमधून निवृत्त झालेले दोन हॉर्नवाले काका, ज्यांना बदलापूरहून यावे लागते आणि ज्यांच्या प्रवासखर्चाचा विषय निघाला की मी चहा सांगायला उठतो. ओबो वाजवणारे मात्र अख्ख्या शहरात बोटांवर मोजण्याइतके. ओबो ही सनईची युरोपातली चुलत बहीण. तिचा सूर स्थिर म्हणून सारा ऑर्केस्ट्रा तिच्याकडून सेकंदाला ४४० कंपनांचा एक सूर घेऊन वाद्ये जुळवतो. साहजिकच ओबोवाल्याला आपली किंमत कळलेली असते. आमचे ओबोवाले जुलै महिन्यात फुंकायची पत्ती दमट झाली म्हणून येत नाहीत आणि मे महिन्यात ती सुकली म्हणून येत नाहीत. मग वाद्ये मोबाइलमधल्या ट्यूनरवर जुळवावी लागतात, आणि तो मोबाइल खजिनदाराचा असतो.

पावसाळ्यात डबल बासचेही बरे नसते. लाकूड फुगते, जुना सरस सुटतो, आणि मध्यरात्री कपाटामागून "टक्" असा आवाज येतो. चोर आला असे समजून मी एकदा काठी घेऊन उठलो होतो, कन्या अंथरुणातूनच म्हणाली, "बाबा, चोर असता तर बरं झालं असतं. शिवण उकललीय." दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर मलाही तिचे म्हणणे पटले.

पण खरा वनवास वाहतुकीचा. पूर्वी पद्मिनी टॅक्सी होत्या आणि त्यांच्या टपावर लोखंडी कॅरियर असे. त्याच्यावर गादी, पलंग, पिंप, प्रसंगी डबल बास, काहीही दोरीने बांधून नेता येत असे. ऑक्टोबर २०२३मध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. त्या लेखकांपैकी कोणाच्याही घरात डबल बास नसावा, कारण कॅरियरविषयी कोणी चार ओळींच्या वर लिहिले नाही. आता उरला तो लोकलचा सामानाचा डबा. तेथे आम्ही बापलेक, मधे सहा फुटी काळी पिशवी, आणि भोवती मासळीच्या पाट्या असा प्रवास दर रविवारी होतो. पहिल्या दिवशी एका कोळीण मावशीने पिशवीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहून अत्यंत गंभीरपणे विचारले, "दादा, यान माणूस हाय का?" वाद्य आहे म्हटल्यावर तिने कन्येला नीट निरखले, आणि दोन स्टेशने गेल्यावर म्हणाली, "आमची पाटी घरा जाताना रिकामी तरी होते. तुमचा ह्यो भरलेलाच जातो न भरलेलाच येतो." एवढे अचूक समीक्षण आमच्या कार्यक्रमाचे कोणत्याही वर्तमानपत्रात आलेले नाही. तिकीट तपासनीसाने वाद्याचे काय घ्यावे यावर माहीम ते चर्चगेट विचार केला आणि शेवटी "उतरताना कोणाला लागू देऊ नका" असे सांगून तो निघून गेला.

एवढे करून ते वाजते किती, हाही प्रश्न आहे. डबल बासच्या कागदावर पुष्कळ ठिकाणी नुसता आकडा असतो, समजा ४२, आणि त्याचा अर्थ तितके बार, म्हणजे तालाची आवर्तने, मोजत गप्प उभे राहायचे असा होतो. उरलेल्या ठिकाणी तो बहुधा त्याच्या धाकट्या भावाचे, चेलोचेच सूर एक सप्तक खाली वाजवतो. तालमीत मी एकदा म्हणून गेलो, की हे तर सत्यनारायणाच्या पूजेत मागे बसून "हरये नमः" म्हणणाऱ्यासारखे झाले. कन्या दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तो मागे बसणारा थांबला ना बाबा, की गुरुजींनाही पुढचं आठवत नाही."

आता पैशाचे. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. तेथे वादकाला पगार असतो. आमच्याकडे बटाटावडा असतो. देणगीदार शोधण्यासाठी मी थोडे वाचन केले आणि फार अस्वस्थ झालो. बॉस्टनमध्ये हेन्री ली हिगिन्सन नावाच्या गृहस्थाने १८८१ साली ऑर्केस्ट्रा काढला आणि पुढे कित्येक वर्षे त्याची तूट खिशातून भरली. तोही बँकवाला आणि मीही बँकवाला. फरक इतकाच, की बँक त्याची होती. रशियात नादेझ्दा फॉन मेक या धनाढ्य विधवेने चायकोव्हस्की या संगीतकाराला तेरा वर्षे, दरसाल सहा हजार रुबल दिले, आणि अट एकच घातली: दोघांनी कधीही भेटायचे नाही. देणगीदार असावा तर असा. आमच्या देणगीदारांनी पाच हजार एक रुपये दिले होते आणि ते दर आठवड्याला भेटत असत.

हे शेठजी काळबादेवीला स्टीलच्या भांड्यांचा घाऊक व्यापार करतात. माणूस मनाने मोठा, पण मोबाइल कधी बंद न करणारा आणि संगीताकडे मालाच्या दृष्टीने पाहणारा. तालमीला येऊन त्यांनी वादक मोजले, डबल बासवालीपाशी थांबले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही पोरगी अर्धा वेळ नुसती उभी असते, तिचे पण पूर्ण पैसे?" ती माझी मुलगी आहे आणि पैसे कोणालाच नाहीत, या दोन्ही गोष्टी मी त्यांना एकाच वाक्यात सांगितल्या. त्यांनी त्या दिवशीच्या वड्यांचे पैसे दिले.

यंदाच्या कार्यक्रमासाठी कंडक्टरांनी हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराची पंचेचाळिसावी सिम्फनी निवडली, ती मुख्यतः तिला दोन ओबो, दोन हॉर्न, 'बसून' नावाचे एक खर्जातले फुंकवाद्य आणि तंतुवाद्ये एवढ्यांवर भागते म्हणून. तिची हकीकत मात्र मला इतकी आवडली, की मी ती निमंत्रणपत्रिकेवर छापायला निघालो होतो. सन १७७२. हायडनचे धनी प्रिन्स एस्टरहाझी वादकांचा ताफा घेऊन उन्हाळी राजवाड्यात मुक्कामाला गेले आणि मुक्काम हलवण्याचे नाव काढीनात. वादकांची बायकामुले दूर आयझेनश्टाटला. धन्याला स्पष्ट सांगायची सोय नव्हती, म्हणून हायडनने शेवटच्या भागात अशी योजना केली, की एकेक वादक आपला तुकडा वाजवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून चालू लागतो. शेवटी दोनच व्हायोलिने हळू आवाजात उरतात. प्रिन्स समजायचे ते समजले आणि मंडळी घरी गेली.

या सिम्फनीत डबल बासला उठण्याआधी एकट्याने वाजवायचा एक चांगला लांब तुकडा आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा कन्येच्या कागदावर आकड्याऐवजी सूर दिसत होते. महिनाभर ती तो तुकडा घोटत होती, खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी, जे एरवी झाडूच्या दांड्याने छत ठोकून मत व्यक्त करतात, चौथ्या आठवड्यात ठोकणे बंद केले आणि जिन्यात भेटल्यावर "आज कुठपर्यंत आलंय?" अशी चौकशी करू लागले. शिवाय ओबो, हॉर्न आणि बसून यांच्यामागोमाग डबल बास सुटणार, म्हणजे चेलो आणि व्हायोलिनांच्या आधी, म्हणजे गर्दीच्या आधीची लोकल मिळणार, हा हिशेब मी तालमीच्या पहिल्याच दिवशी केला होता.

मेणबत्त्यांना सभागृहाने परवानगी दिली नाही. मी लोहार चाळीतून बावीस चिमट्याचे दिवे आणले. त्यांतले एकोणीस लागले.

कार्यक्रमाच्या रात्री मी विंगेत उभा होतो. पहिले ओबोवाले उठले, आणि त्यांच्याबरोबर दुसरे हॉर्नवाले काका, मग बसूनवाला गेला, मग दुसरा ओबो आणि पहिला हॉर्न. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. आणि मग कन्येने वाजवायला सुरुवात केली. मी नऊ वर्षे त्या वाद्याच्या मानेला, कडांना आणि तळाच्या खुंटीला ओळखत होतो. ते समोरून कसे ऐकू येते, हे मला त्या दिवशीही कळले नाही, कारण मी बाजूला होतो आणि माझ्या डोळ्यांत काहीतरी गेले होते. विंगेत धूळ फार असते. तुकडा संपला, तिने दिवा बंद केला, वाद्य उचलले आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, नऊ सतराची आहे."

लिफ्टमन नऊ वाजता घरी जातो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डबल बास नेहमीप्रमाणे अडकला. वरून मी आणि कन्या, खालून बदलापूरचे पहिले हॉर्नवाले काका, एका बगलेत हॉर्न आणि दुसऱ्या हाताने वाद्याचा तळ धरून. वर दोन व्हायोलिने चालू असावीत. काही ऐकू येत नव्हते. इतक्यात खिशातला फोन वाजला. पहिल्या रांगेतून शेठजी दबक्या, घाबऱ्या आवाजात बोलत होते.

"अहो खजिनदार, इथे एकेक माणूस उठून चाललाय! आता दोनच राहिलेत. काही लफडं आहे का? पैसे बाकी आहेत का कोणाचे?"

हॉर्नवाल्या काकांनी खालून माझ्याकडे पाहिले. मी डबल बासची मान खांद्यावर नीट घेतली.

"हो," मी म्हणालो, "मागच्या दोन कार्यक्रमांचे."